मनाचे बळ मोजताना : आजी आणि नातवाला एकच प्रश्न

संकटाने माणूस खचतो, पण खचलेला प्रत्येक माणूस खचलेलाच राहत नाही. पुन्हा सावरण्याच्या या शक्तीला मानसशास्त्रात ‘मानसिक लवचिकता’ म्हणतात. आपल्या कुही तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात घरे, शेती गेलेली कुटुंबे आहेत. अशा घरातील आजी, मुलगा आणि नातू यांच्यापैकी आधाराची गरज कोणाला अधिक, हे ठरविण्यास प्रश्नावलीचा उपयोग होऊ शकतो. मात्र ती इंग्रजीतून मराठीत आणताना काळजी घ्यावी लागते.

कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तीत २५ विधाने असून प्रत्येकास ० ते ४, म्हणजे एकूण १०० गुण आहेत. ब्रूस स्मिथ व सहकाऱ्यांची २००८ सालची प्रश्नावली केवळ ६ विधानांची आहे. त्यांतील ३ सरळ व ३ उलट अर्थाची आहेत.

पहिली अडचण शब्दांची. बँकेच्या खिडकीवर आम्ही पाहतो, अर्जात ‘नामनिर्देशन’ असे छापलेले असते आणि म्हातारी माणसे विचारतात, “म्हणजे वारस का जी?” दोन्ही एक नव्हेत. भाषा मराठी झाली, अर्थ पोचला नाही. ‘लवचिकता’ म्हटले तर आजीला गुडघे आठवतील. तिला ‘सावरणे’ समजते.

दुसरी अडचण उलट विधानांची. ‘मला जमत नाही’ या विधानावर ‘असहमत’ म्हणजे ‘जमते’. शिकलेला नातू हे ओळखतो. आजी गोंधळते आणि तिचे गुण विनाकारण घटतात. उत्तराचे पर्याय तिला सोळा आणे, बारा आणे, आठ आणे असे सांगितले तर चटकन कळतात. नातवाला आणेच ठाऊक नाहीत.

तिसरी अडचण श्रद्धेची. २५ विधानांच्या प्रश्नावलीत दैव किंवा देव मदतीला येण्याविषयी एक विधान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा पाळणारा माणूस तेथे ‘नाही’ म्हणेल आणि ४ गुण गमावेल. तो दुबळा ठरतो काय? मुळीच नाही.

म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करावा. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा आणि दोन्ही ताडून पाहावेत. नंतर प्रत्येक वयाच्या काही जणांना, “यातून तुम्हाला काय समजले?” असे विचारावे. निरक्षरांना विधाने वाचून दाखवावीत, पण घरच्यांसमोर नव्हे. सुनेसमोर सासूचे उत्तर बदलते.

इंग्लंडमध्ये गुडिंग व सहकाऱ्यांनी ६४ वर्षांवरील ६० आणि १८ ते २५ वयाच्या ६० जणांची तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भावना आवरण्यात आणि अडचणी सोडविण्यात वृद्ध सरस ठरले. इतरांचा आधार मिळविण्यात तरुण पुढे होते. तरी हा फरक वयाचा की पिढीने सोसलेल्या दिवसांचा, हे एकदाच मोजून सांगता येत नाही. त्यासाठी तीच माणसे काही वर्षांनी पुन्हा भेटावी लागतात.

समाजाचे काम करणाऱ्या बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच, की कागदावरचा आकडा पाहून कोणाला ‘खचलेला’ म्हणू नये आणि ‘खंबीर’ म्हणून मदतीतून वगळूही नये. आधी प्रश्न नीट समजला होता काय, हे पाहावे.