सिस्टर आल्या, पण त्या प्रशिक्षित आहेत का?

प्रश्न : आईला अर्धांगवायू झाला आहे, नाकातून नळी आहे. नर्सिंग ब्युरोने बारा तासांसाठी सिस्टर पाठवल्या आहेत. त्यांची पात्रता कशी तपासावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जीएनएम किंवा एएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम केलेल्या परिचारिकेकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागा, त्याची मुदत पाहा. मागायला संकोच कसला? नोंदणी नसेल, तर त्या मदतनीस आहेत. आंघोळ, कपडे, कूस बदलणं ही कामं त्या उत्तम करू शकतात. इंजेक्शन देणं किंवा नळी घालणं मात्र त्यांच्याकडून करवून घेऊ नका. ब्युरोने पोलीस पडताळणी केली असेल, तर तिची प्रत घ्या.

माझ्या मते कागदांपेक्षा मोठी कसोटी नळीतून भरवताना लागते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. सपाट झोपवून भरवलं, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. भरवण्याआधी नळीवरची खूण जागेवर आहे का, हे त्या पाहतात का? हात धुतात का? साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात का? माकडहाड आणि टाचा तुम्ही स्वतः रोज पाहा. दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची सुरुवात असते.

वहीत औषधं, लघवीचं प्रमाण, कूस बदलल्याची वेळ लिहायला सांगा. ताईंनाही जेवायला, टेकायला वेळ द्या. थकलेल्या हातांनी चुका होतात.