भेक, बेडूक आणि आंबोलीचा सडा

वडोदऱ्यातल्या आमच्या मराठीच्या वर्गात मी एकदा भाषांतरासाठी उतारा दिला. त्यात आंबोलीच्या 'टोड'चे वर्णन होते. साऱ्यांनी 'बेडूक' लिहिले आणि मीही ते बरोबर धरले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मूळ लेखक दोन प्राणी वेगळे मानतो, मग आपण ते एक का करायचे?" मी तपासलेल्या वह्या परत मागवल्या.

विज्ञानविषयक मराठी लेखनात टोडला 'भेक' म्हणतात. संस्कृतात भेक म्हणजे कोणताही बेडूक. मराठीने त्याचा अर्थ गरजेपुरता आवळला. भेकाची कातडी बहुधा कोरडी व खरखरीत असते, मागचे पाय आखूड असतात.

उताऱ्यातला भेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचा. सह्याद्रीच्या सदाहरित रानालगत, आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसाची डबकी साचली की तो त्यांत अंडी घालतो. पावसाने ओढ दिली तर डबके आटते, पिल्ले मरतात. पाऊस लागला तर पर्यटकांच्या मोटारी येतात आणि हे भेक चाकांखाली सापडतात. जगात अन्यत्र तो आढळलेला नाही; त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे.

2009 मध्ये त्याला 'झँथोफ्राइन टायगरिना' हे नाव मिळाले. ग्रीकमध्ये 'झँथोस' म्हणजे पिवळा, 'फ्राइनी' म्हणजे भेक; टायगरिना हे कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे. 1963 मध्ये कोयनेच्या परिसरातून वर्णिलेला त्याचा भाऊबंदही याच प्रजातीत गणला जातो.

आपल्या भाषेने बेडकाला फारसा मान दिलेला नाही. 'कूपमंडूक' म्हणजे संकुचित. व्याकरणातली 'मंडूकप्लुती' तेवढी निरुपद्रवी. आंबोलीचा भेक मात्र डबक्यापुरता राहतो तो वृत्तीने नव्हे. त्याला दुसरी जागाच नाही.

पुढच्या तासाला मी विचारले, घाटातल्या फलकावर काय लिहाल? 'भेक' मोटारचालकाला कळणार नाही. 'बेडूक' वाचून तो वेग कमी करणार नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर फळ्यावर उरले: 'वाघ्या भेक. फक्त आंबोलीत. गाडी हळू चालवा.' परिभाषा म्हणून ते कितपत टिकेल, हे वाचकांनी ठरवावे. मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले.