भाडं बारा हजार, पण पहिल्या दिवशी किती?

तळेगाव दाभाड्यात घर बघायला गेलात की पहिला प्रश्न ‘भाडं किती’ हा विचारू नका. ‘भाड्यात काय काय धरलेलं नाही’ हे विचारा. या प्रश्नावर मालक जरा थांबतो, एजंट मोबाइलमध्ये बघायला लागतो आणि खरा आकडा हळूहळू बाहेर येतो.

भाच्याला चाकणच्या बाजूला नोकरी लागली तेव्हा दोन रविवार आम्ही हेच करत हिंडलो. २०११च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ५६ हजारांच्या आसपास होती. आज स्टेशनपासून सोमाटणे फाट्यापर्यंत इमारती बघितल्या तर तो आकडा किती जुना झालाय ते कळतं. पुणे-लोणावळा लोकल, द्रुतगती मार्ग, नवलाख उंबरे आणि चाकणची एमआयडीसी हे सगळं हाताशी असल्यामुळे घरं भरपूर आहेत, पण घेणारेही तितकेच. आम्ही पाहिलेल्यांत गावठाणातली जुनी वन आरके सहा-सात हजारांची होती, सोसायटीतला वन बीएचके दहा ते तेरा आणि टू बीएचके पंधराच्या पुढे. हे आमच्या दोन रविवारांचे आकडे, यांना बाजारभाव समजू नका.

आधी पहिल्या दिवसाचा हिशेब. समजा, भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,००० ठरलं. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ द्यायचं. एजंटमार्फत घर मिळालं तर त्याची दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच ७४,००० गेले. त्यावर करारनामा, टेम्पो, हमाली, गॅसची नळी-रेग्युलेटर आणि दोन-चार ट्यूबलाइट. ऐंशी हजार जवळ नसतील तर बारा हजारांचं घर बघायला निघू नये. दलाली अर्ध्या महिन्यावर येऊ शकते, मात्र ती घर दाखवायच्या आधी ठरवावी लागते. घर आवडल्याचं आपल्या चेहऱ्यावर दिसलं की एजंट एक रुपया सोडत नाही.

आता करारनामा. माझा स्वतःचा सगळ्यात जास्त तोटा इथेच झालाय. ‘अकरा महिन्यांचाच आहे हो, रजिस्टर कशाला, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे कलम मालकाला शांतपणे सांगितलं की बहुतेक जण नोंदणीला तयार होतात.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराचं व्याज यांच्या बेरजेवर ते लागतं. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि व्याज साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे शुल्क साडेतीनशेच्या घरात. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन घरी येणारा माणूस आपले पैसे वेगळे घेतो, ते आधी विचारून घ्या. रीत म्हणून हा खर्च दोघांत निम्मा-निम्मा होतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवता येते. हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो.

मी पूर्वी नोटरीवर भागवलं होतं. घर सोडताना मालकांनी ‘रंगाचे’ म्हणून नऊ हजार कापले. कागदावर रंगाचा र सुद्धा नव्हता, आणि भांडायला माझ्याकडे कागदच धड नव्हता. म्हणून या वेळी करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: रंगासाठी काही कापायचं नाही किंवा कापायचं असेल तर नेमके किती, घर सोडताना किती दिवसांची नोटीस आणि किल्ली दिल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत.

महिन्याचा खर्च म्हणजे भाडं अधिक मेंटेनन्स, वीज, पाणी, पार्किंग. मेंटेनन्स कोण देणार ते स्पष्ट बोला. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे जादा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ते सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घ्यायचं असतं. तुमच्या गळ्यात पडलं तर विचारा.

विजेत मात्र गंमत असते. स्वतंत्र मीटर असेल तर महावितरणचं मागच्या महिन्याचं बिल मागा. सबमीटर असेल तर जास्त सावध राहा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, पुढे आणखी महाग. तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की सगळ्यांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते, आणि दिवसभर घराबाहेर असणाराही तोच दर भरतो. ‘युनिटला बारा’ असं सांगितलं तर मूळ बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून बघा. स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क सगळं त्यात आलेलं असतं. तोच खरा दर.

पाण्याबद्दल कोणी खरं सांगत नाही, नळ सांगतो. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. आम्ही एका चकचकीत फ्लॅटमध्ये काढली, तर आत चुन्यासारखा पांढरा थर. नखाने खरवडला तर खपली निघाली. म्हणजे बोअरचं पाणी. मग गिझरची कॉइल आणि फिल्टरची मेंब्रेन लवकर जाणार, तो खर्चही भाड्यातच धरा. टँकर उन्हाळ्यात किती वेळा येतो आणि त्याची वर्गणी किती, हे मालकाला नाही, वॉचमनला किंवा खालच्या वाण्याला विचारा.

मावळातला पाऊस हाही खर्चच. उन्हाळ्यात घर बघत असाल आणि छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला, तर खाली उभं राहून मालकाला मागच्या जुलैबद्दल विचारा. वरच्या मजल्याचं भाडं हजाराने कमी असतं त्याला कारण असतं.

शेवटी अंतर. स्वस्त म्हणून लांब गेलात तर पेट्रोल ते वसूल करतं. चाकणला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, पन्नासचं ॲव्हरेज, लिटरला १०५ रुपये धरले तर सव्वादोन हजारांच्या आसपास. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वेगळाच. रोज पुण्याला जायचं असेल तर स्टेशनला चालत जाता येईल असं घर हजार-दीड हजार जास्त देऊनही परवडतं, फक्त दुपारी लोकलमधलं अंतर वाढतं हे लक्षात ठेवा.

भाच्याने शेवटी वतननगरमधला वन बीएचके घेतला, अकरा हजारांत. किल्ली घेतली त्या दिवशी आधी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, मग प्रत्येक भिंतीचा, बेसिनच्या तड्याचा, खिडकीच्या फाटलेल्या जाळीचा, आणि सगळे मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांचा उत्तरादाखल अंगठा आला. तो मेसेज स्टार करून ठेवलाय.