लहान मुलांचा ‘क्रूप’ : लक्षणे वेळीच ओळखा

पाथरी तालुक्यातील खेड्यांत मुलांची सर्दी ही घरोघरची बाब होय. परंतु एक-दोन दिवसांच्या सर्दीनंतर मूल रात्री कुत्रे भुंकल्यासारखे खोकू लागले, त्याचा आवाज बसला, तर तो ‘क्रूप’ असण्याचा संभव असतो. ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बालकांत हा विकार विशेष आढळतो. विषाणूंमुळे स्वरयंत्र व श्वासनलिकेस सूज येते आणि मुळातच अरुंद असलेली वाट अधिक आक्रसते.

मूल शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, लाळ गळणे, ओठ निळसर पडणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला मांडीवर बसते ठेवावे, रडू देऊ नये; घशात बोट घालू नये. वाफ देण्यात वेळ दवडू नये. रुग्णालयात स्टेरॉइडची एक मात्रा दिल्यास सूज बहुधा काही तासांत उतरू लागते.

घटसर्पातही श्वास असाच कोंडतो. म्हणून दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नयेत. अंगणवाडी व ग्रामसभेतून ही माहिती प्रत्येक मातेपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.