टीव्हीचे चित्र फुटते, दोष कुठे?



ऊस पिवळा पडला की आपण लगेच खताची गोणी आणायला धावत नाही. वरची पाने पिवळी की खालची, हे आधी पाहतो. टीव्हीचेही तसेच आहे. चित्र कसे आणि केव्हा बिघडते, हे नीट पाहिले तर निम्मे निदान घरीच होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही लालबागला पुतण्याकडे उतरलो होतो. चाळीतली खोली, गॅलरीच्या कठड्याला डिश. चित्राचे चौकोन पडत, आवाज तुटे. मेकॅनिक “बॉक्स गेला, नवा घ्या” म्हणून सांगून गेलेला. आम्ही तासभर नुसते पाहत बसलो. वारा सुटला की चित्र फुटे, वारा पडला की जुळे. वाऱ्याने बॉक्स कसा बिघडेल? बाहेर डोकावलो, तर पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीचा ओला कोपरा सुटून डिशसमोर फडफडत होता. तो मागे बांधला आणि काम झालं!

याचे कारण असे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. पाणी त्यांना अडवते, मग ते ताडपत्रीवरचे असो की मुसळधार सरीचे.

जुन्या मंडळींना वेगळा दोष आठवत असेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा वरळीहून येणारी लहर एखाद्या उंच इमारतीवर आपटून पुन्हा अँटेनावर येई आणि माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसे. लहर ३०० मीटर जादा फिरून आली, की २० इंची पडद्यावर सावली साधारण पाऊण सेंटिमीटर सरके. अँटेना थोडी फिरवली की ती कमी होई. आताच्या डिजिटल चित्रात सावली नाही, मुंग्याही नाहीत. बारीकसारीक चुका बॉक्स स्वतःच दुरुस्त करतो. त्या हाताबाहेर गेल्या की एकदम चौकोन पडतात किंवा चित्र गोठते. म्हणून सैल पिनेचा दोष उन्हाळाभर लपून राहतो आणि पावसात उघडा पडतो.

तेव्हा चित्र बिघडले की या क्रमाने पाहावे :

१) एकच वाहिनी बिघडली असेल, तर दोष बहुधा घरातला नाही.

२) केबल असेल तर शेजारी विचारावे. त्यांचेही गेले असेल तर केबलवाल्याला कळवावे.

३) बॉक्सचा मेनू पडद्यावर आणावा. मेनू स्वच्छ पण मागचे चित्र फुटलेले, तर टीव्ही बहुधा ठीक. डिश, तार आणि पिना तपासाव्यात. मेनूही फुटत असेल, तर बॉक्स ते टीव्ही ही तार आधी बदलून पाहावी.

४) वीज बंद करून पिना घट्ट कराव्यात. तांब्याच्या तारेवर हिरवट गंज दिसला तर टोक कापून नवी पिन बसवावी.

५) मार्च व ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस थोडी मिनिटे चित्र जाते. सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो म्हणून. काही करू नये, आपोआप येते.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पावसात पत्र्यावर किंवा कठड्यावर चढू नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण उघडू नये. वीज बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात. बुडालेली मालिका पुन्हा लागेल, माणूस परत यायचा नाही.