पदराच्या गाठीतले खडे

चि. छकुली,


काल फोनवर म्हणालीस, "मामा, आत बाबांचं डायलिसिस चालू होतं आणि मी बाहेर बाकावर मैत्रिणीशी खो-खो हसत होते. माझी मलाच लाज वाटली." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

१९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. त्याआधीही पाऊस धड झाला नव्हता. विहीर आटली, वैरण संपली, तुझ्या आजोबांनी बैलजोडी मिळेल त्या भावाला दिली. तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर खायला सुकडी.

एकदा दुपारच्या सुट्टीत मी पाणी घेऊन गेलो, तर आई आणि चौघीजणी बाभळीखाली गोल बसून गजगे खेळत होत्या! ओढ्यातले पाच गुळगुळीत खडे आईनं पदराच्या गाठीत जपून ठेवलेले. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे चार मुठीत घ्यायचे. आईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, त्यामुळे एक निसटला. "गेला गं गेला!" सगळ्या ओरडल्या. आई हसता हसता डोळे पुसायला लागली.

मला संताप आला. म्हणालो, "बैल गेले आणि तू खेळतीस?" ती रागावली नाही. चिमूटभर सुकडी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "बस. पुढचा डाव तू खेळ." मी पाय आपटत निघून गेलो. साठी उलटली तरी तो न खेळलेला डाव मला टोचतो.

सुट्टी संपली तशी तिनं हातोडी उचलली. त्या रात्री रिकाम्या गोठ्यात, दावणीपाशी ती किती तरी वेळ उभी होती. दुपारी हसली म्हणून तिचं बैलांवरचं प्रेम कमी झालं नव्हतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. तुला इतकी लागू नयेत.

दाजींचं हे दुखणं चार दिवसांचं नाही गं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. 'बाबा बरे झाले की हसेन' असं ठरवून बसू नकोस. रडू आलं तर रड, पण हसू आलं तर ते गिळू नकोस. उलट आत जाऊन त्यांनाही सांग, कशावरून हसलात ते. दाजींना मोजून पाणी. बर्फाचा छोटा खडा तोंडात ठेवला की ते डोळे मिटून घेतात, असं तूच म्हणालीस. त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बस.

येत्या गुरुवारी मी येतोय. ते चार तास दाजींपाशी मी बसेन. तू मैत्रिणीला घेऊन चहाला जा.

तुझा,
मामा