राऊटरवरील वेगाचे वाटप : आधी मर्यादा, मग प्राधान्य

हरितगृहाचा नियंत्रक, ठिबकचे स्वयंचलित व्हॉल्व्ह, शेतावरचे कॅमेरे आणि घरातील मोबाईल ही साधने आता बऱ्याच ठिकाणी एकाच राऊटरवर चालतात. भर दुपारी हरितगृहातील तापमान वाढल्याची सूचना उशिरा मिळणे, व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश अडकून राहणे, अशा तक्रारी त्यातूनच येतात. जास्त वेगाची, महागडी जोडणी घेण्यापूर्वी आहे त्या वेगाचे वाटप तपासून पाहावे.

बाहेरून आपल्याकडे येणारी माहिती म्हणजे डाउनलोड आणि आपल्याकडून बाहेर जाणारी म्हणजे अपलोड. मोबाईल सिमवरील जोडणीत अपलोड सहसा बराच कमी असतो आणि कॅमेऱ्यांचा भार नेमका त्यावरच पडतो. समजा, अपलोड ५ एमबीपीएस आहे. प्रत्येकी १.५ एमबीपीएस लागणारे ४ कॅमेरे बाहेर चित्रण पाठवू लागले, तर गरज ६ एमबीपीएस होते. जादा माहिती मॉडेममध्ये तुंबते. नियंत्रकाची सूचना अगदी लहान असते, तरी तीही त्याच रांगेत शेवटी उभी राहते. चारीच्या टेलला जमीन असणाऱ्यास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर किंवा शेतावरच्या रेकॉर्डरवर साठवावे. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. राखणीसाठी सेकंदाला २५ चित्रांची गरज नसते, १० पुरतात.

त्यानंतर राऊटरकडे वळावे. कॅमेरे बंद ठेवून सकाळी, दुपारी व रात्री ८ च्या सुमारास वेग मोजावा आणि सर्वांत कमी आकडा टिपून ठेवावा. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये भरून आत जावे व ‘क्यूओएस’ हा पर्याय उघडावा. तेथे एकूण वेगाची मर्यादा विचारली जाते. टिपलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के भरावे. म्हणजे ५ एमबीपीएस असल्यास सुमारे ४.३. थोडा वेग वाया जातो असे वाटेल, पण खरी मेख येथेच आहे. रांग मॉडेममध्ये किंवा कंपनीच्या टोकाला लागली, तर तिच्यावर आपला ताबा नसतो. ती आपल्या राऊटरमध्ये लागली, तरच कोणाला पुढे सोडायचे हे राऊटर ठरवू शकतो. ही मर्यादा न घालता नुसते प्राधान्य दिल्यास फारसा फरक पडत नाही.

प्राधान्य देताना नियंत्रकाला उच्च, मोबाईल व संगणकाला मध्यम आणि कॅमेऱ्यांना कमी असा क्रम लावावा. सर्वांनाच उच्च दिले तर कोणालाच दिले नाही असे होते. काही राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ हा पर्याय असतो; तो रांग आपोआप आखूड ठेवतो. असल्यास तोच निवडावा, मर्यादा मात्र त्यातही भरावी लागते.

बदल केल्यावर कॅमेरे चालू करून संगणकावरून ‘पिंग’ घ्यावा. कॅमेरे बंद असताना ४० मिलिसेकंद आणि चालू असताना ६०० येत असतील, तर मर्यादा आणखी कमी करावी.

हरितगृहापर्यंत वाय-फायच नीट पोहोचत नसेल, तर या उपायांनी काही साधणार नाही. तेथे तार टाकावी. साधी नेटवर्क केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. आणि सिमची रेंज केव्हाही जाऊ शकते. म्हणून फॉगरला जागेवरचा थर्मोस्टॅट जोडलेला असावाच. तो इंटरनेटवर अवलंबून नसतो.